सपाट फरशीवर

"विकून टाक दादा," धाकटीने किल्ली टेबलावर ठेवली. "माझ्या हातांचा आता मलाच भरवसा नाही."

तीन आठवड्यांपूर्वी वळणावरच्या खळग्यात तिची लाल, बुटकी स्पोर्ट्स कार एकाएकी डावीकडे ओढली गेली आणि थेट कुंपणात घुसली. तिला साधं खरचटलंही नाही. वडील म्हणाले, "वेगाचं वेड, दुसरं काय." आणि दादा, घरातला मेकॅनिक, म्हणाला, "खळगा दिसला की तू स्टिअरिंग एकीकडे ओढतेस." जाणकाराचाच शब्द तो, त्यापुढे तिचं कोण ऐकणार? कुंपणातून काढल्यावर चाकं सरळ आहेत का, हे त्याने दोनदा मोजलं होतं. दोन्ही वेळा सुतासारखी सरळ.

विकण्याआधी एक फेरी मारावी म्हणून तो सकाळी स्वतः गाडी घेऊन निघाला. खळग्यापाशी स्टिअरिंगवर त्याची नुसती बोटं टेकलेली होती. चाक खाली गेलं, वर आलं, आणि गाडीने डावीकडे मान वळवली.

वर्कशॉपमध्ये आल्यावर त्याने पुढच्या डाव्या चाकाची स्प्रिंग काढली, स्टिअरिंग हलू नये म्हणून पट्ट्याने बांधलं, आणि चाकाखाली जॅक लावला. एकेक बोट वर. दर बोटाला चाकाची पुढची कड कुठे येते, त्याची फळीवर पेन्सिलीने खूण. खुणांची ओळ सरळ उभी राहायला हवी होती. ती विळ्यासारखी बाहेर वाकत गेली.

मग त्याला कळलं. गेल्या वर्षी गाडी देखणी दिसावी म्हणून त्यानेच आखूड स्प्रिंगा घालून ती दोन बोटं खाली बसवली होती. धाकटीने मागितलंही नव्हतं. चाकाला वळवणारा टाय रॉड मात्र जुन्याच उंचीवर राहिला. उभ्या गाडीत सगळं जुळत होतं. चाक वरखाली झालं की तो दांडा त्याला आपल्या मर्जीने वळवत होता. आणि मोजताना गाडी नेहमी उभीच, सपाट फरशीवर.

दांड्याच्या टोकाशी उंची जुळवणारं एक लोखंडी कडं घातलं की काम झालं. त्याने ते लेथवर कातलं, आणि तळहातावर घेऊन बसून राहिला. गुपचूप बसवलं तर कुणाला कळणार होतं? ऊन दारातून आत आलं, भिंतीवर चढलं, निघून गेलं. मग त्याने बहिणीला बोलावून घेतलं.

"जॅक मार. हळू."

तिने मारला. चाक वर चढता चढता बाहेर वळलं, कुणी हाक मारल्यासारखं. तिने ते उतरवलं, पुन्हा चढवलं.

"स्टिअरिंग कुणी धरलंय?"

"कुणी नाही. बांधलेलं आहे."

"मग त्या दिवशी मी..."

"तू काही केलं नव्हतंस. गाडी खाली बसवताना माझं चुकलं."

तिने चाक खाली उतरवलं. "तीन आठवडे भाजी चिरतानासुद्धा मी हातांकडे बघतेय, दादा." मग कडं उचलून म्हणाली, "एवढंसं?"

"एवढंसंच."

"विद्वान आहेस अगदी." हसली मात्र नाही. "बाबांना तू सांगायचंस. आजच, माझ्यासमोर. आणि गाडीत दोष निघाला, असं नाही सांगायचं."

रात्री वडील जेवायला बसले होते. ती त्यांच्या शेजारी बसली. तो उभाच राहिला.

"बाबा, अपघात माझ्या चुकीने झाला. हिचा काही दोष नव्हता."

वडिलांचा घास हातातच राहिला. त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "कधी कळलं?"

"सकाळी."

"आणि सांगतोयस आत्ता?"

धाकटीने मान वर केली. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"गुपचूप दुरुस्त करून टाकावं का, याचा विचार करत होतो," तो म्हणाला.

मग धाकटीने पायाने समोरची खुर्ची मागे सरकवली.

"बस," ती म्हणाली. "उद्या बसव ते कडं. त्या वळणावर मी चालवीन. तू शेजारी बसायचंस, आणि तोंड बंद ठेवायचंस."