विहीणबाईंसाठी इंग्रजी

मी व्हिडिओ कॅसेट बोलतेय. काळी, चौकोनी, पोटात अख्खा सिनेमा घेऊन बसलेली. आजकालची पोरं मला पाहून साबणाची डबी समजतात. समजू देत.

माझ्या पोटातला सिनेमा विलायतेतल्या एका हवेलीचा. लॉर्डसाहेब, त्यांची बायको, मुलं, कुत्रा आणि एक म्हातारा बटलर. मारामारी नाही, गाड्या उडत नाहीत. मला कोण नेणार? कोरियातल्या जेजू बेटावरच्या दुकानात आठ वर्षं धूळ खाल्ली. दुकान बंद झालं तेव्हा मालकानं उरलेला माल दारात मांडला नि म्हणाला, "न्या फुकट."

मला उचललं यांग मालसुननं. साठीची, समुद्रात बुड्या मारून पोट भरणारी बाई. शाळेची पायरी चढलेली नाही, पण समुद्राच्या तळाशी बुडी मारून एका दमात शिंपले काढून आणायची. उभा जन्म पाण्याखाली गेल्यानं कान कामातून गेलेले. म्हणून बोलणं म्हणजे हाकाच.

तिची लेक मिरान सोलला नोकरीला. तिनं केल्विन नावाच्या अमेरिकन मुलाशी लग्न ठरवलं. दोन महिन्यांनी त्याचे आईबाप अमेरिकेहून बेटावर येणार, दोन्ही घरं एकत्र जेवणार. लग्नाआधीचं हे जेवण म्हणजे आमच्याकडे परीक्षाच.

"आई, तू बोल, मी त्यांना इंग्रजीत सांगते," मिरान फोनवर म्हणाली.

"मग विहीणबाईंना एवढं सांग, बाळंतपणात तुला शेवाळाचं सूप घालायचं."

"आई! अजून लग्न नाही झालं!"

"कानांमुळे डॉक्टर मला विमानात बसू देत नाहीत. लग्नानंतर तू अमेरिकेला जाणार, मी तिकडे येणार कशी? आत्ताच सांगायला हवं."

"मी हे मुळीच सांगणार नाही. लाज वाटते."

समुद्रशेवाळाचं सूप आमच्याकडे बाळंतिणीला तीन आठवडे पाजतात. जिला मिळालं नाही तिला आई नव्हती असं समजायचं. मालसुननं फोन आपटला नि मला मशीनमध्ये सारलं. इंग्रजी आता स्वतःच शिकायचं!

पडद्यावरच्या खालच्या कोरियन ओळी वाचायला आणि इंग्रजी शब्द कानात ओरडायला तिची मैत्रीण ओक्दान बसली.

"हा पोरगा बापाला काय म्हणाला गं?"

"यू."

"आणि बाप पोराला?"

"यूच."

"आणि त्या कुत्र्याला?"

"त्यालाही यू."

"शी! वडीलधारं कुणी ओळखतच नाही या घरात!"

तेवढ्यात बटलर आला. कमरेत वाकला. प्रत्येक वाक्याला सर, नाहीतर मॅडम. मालसुन हरखली. "हा बघ! हाच एक चांगल्या वळणाचा."

"नोकर आहे गं तो."

"नोकर कसला? केस पांढरे, कपडे सगळ्यांत झकास, घराच्या किल्ल्या त्याच्याकडे. घरातले मोठे मामा असणार. याचंच इंग्रजी शिकायचं."

झालं! लॉर्डसाहेबांनी तोंड उघडलं की मला पुढे पळवायची, बटलर आला की मागे. माझी फीत झिजली ती तेवढीच. मालसुन अंगणात जाळी वाळत घालताना ओरडायची, "मे आय टेक युवर कोट, सर?" आणि शेजारची कोंबडी अंडं अर्ध्यावर सोडून पळायची.

"पण सुपाचं काय करणार?" ओक्दाननं विचारलं.

"तो एकदा वाडगा आणून म्हणतो ना, 'द सूप, मॅडम'. पुढचं मी हातवारे करून सांगेन."

ठरल्या दिवशी काळा कोट, काळी विजार घालून ती हॉटेलात गेली. शकुनाला म्हणून मलाही पिशवीत घेतलं. मिरान आणि केल्विन खाली गाडी लावत होते, तेवढ्यात दोन उंच पाहुणे जिना चढून वर आले. मालसुन दारात वाकली आणि गरजली, "मे आय टेक युवर कोट, सर?"

पाहुण्यांनी कोट दिला. विहीणबाई डोरीननी आपलाही दिला, मग मफलर, छत्री, नवऱ्याची टोपी. वर पाणी मागितलं. "व्हेरी गुड, मॅडम," म्हणत मालसुननं तेही आणलं. परीक्षा उत्तम चाललीय, अशा थाटात.

एवढ्यात मिरान वर आली. "आई! हे सगळ्यांचे कोट तू का धरलेस?"

'आई' हा शब्द डोरीनबाईंना कळला. चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा लाल. आता ऐका, त्याही काही कमी नव्हत्या. त्या तिकडे आमचे राजवाड्यातले सिनेमे पाहून कोरियन शिकल्या होत्या. धाडकन गुडघ्यांवर बसल्या, कपाळ जमिनीला टेकवलं आणि चोख कोरियनमध्ये म्हणाल्या, "अपराध घोर आहे, महाराज! या दासीला ठार करा!"

वाढपिणी धावत आल्या. मालसुन इतकी हसली की कोट खाली पडले. "अगं ऊठ बाई, ऊठ! कुणी ठार करत नाही तुला!"

हात धरून तिनं विहिणीला उठवलं. तो हात काही सोडला नाही. "द सूप, मॅडम!" पोट दाखवलं, कुशीत बाळ झुलवलं, मिरानच्या तोंडाशी चमचा नेला. व्याह्यांना वाटलं ऑर्डर घेतायत. ते म्हणाले, मलाही एक सूप.

मिराननं ओंजळीत तोंड लपवलं. मालसुननं इंग्रजी सोडून दिलं. पिशवीतून स्वतः काढून वाळवलेल्या शेवाळाची जुडी काढली नि विहिणीच्या हातात ठेवली. त्या दिवशी पहिल्यांदाच ती हळू आवाजात बोलली. "माझी पोर तिकडे बाळंत होईल, तेव्हा मी पोचणार नाही. हे तिला करून घाला. दुसरं काही मागत नाही."

डोरीनबाईंनी मान झुकवली. "जशी आज्ञा, महाराज."

"कळलं का गं तिला?" मालसुननं लेकीला विचारलं.

"नाही," मिरान म्हणाली. मग डोळे पुसत म्हणाली, "थांब. मी सांगते." आणि तिनं सगळं सांगितलं, चमच्यासकट.

तिसऱ्या वर्षी अमेरिकेहून चौकटीत बसवलेला फोटो आला. पलंगावर मिरान आणि बाळ, समोर सुपाचा वाडगा, बाजूला हातात पळी घेतलेल्या डोरीनबाई. मालसुननं वाडग्यात निरखून पाहिलं. "मक्याचे दाणे घातलेत बयेनं!" असं म्हणाली, आणि बराच वेळ फोटोची काच पुसत बसली.

आता मशीन बिघडलंय. माझ्या फितीला बुरशी आलीय. पण कपाटावर त्या फोटोच्या चौकटीचा मागचा पाय मोडलाय, त्याला टेकू माझा आहे. तेव्हा घर आवरायला कुणी आलात, तर बाकी काहीही फेका बापड्यांनो, मला तेवढं हलवू नका.