हात लावू नये

रक्तपेढीतला साठा दाखवणारा प्रोग्राम आक्कांचा. अठरा वर्षांपूर्वी लिहिलेला, नुसत्या अक्षरांचा, चित्रबित्र काही नाही. पण कुठल्या पिशवीची मुदत कधी संपते ते एका नजरेत सांगणारा. त्या सकाळी मात्र त्याने आक्कांचं पार नाक कापलं. चौकटींच्या रेषांच्या जागी पडदाभर नुसती क्यू आणि एक्स ही अक्षरं, तारखा त्यातच बुडालेल्या. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, चारपर्यंत सुधारला नाही तर हा बंद करू आणि विकतचा आणू.

आक्कांचा पारा चढला तो सुनेवर. सूनबाई त्याच खोलीत कामाला. आदल्याच दिवशी तिने मल्टिप्लेक्सर नावाचा एक प्रोग्राम बसवला होता. त्याने एकाच खिडकीत चार पडदे उघडतात, लाइन तुटली तरी काम जिथल्या तिथे राहतं. सोय चांगली हो, पण चालत्या गाडीला खीळ घालायची काय गरज होती, असं आक्कांनी तिला दोनदा ऐकवलं. सुनेने एक फाइल उघडून पाहिली आणि तशीच मिटली.

मग आक्का हट्टाने शोधायला बसल्या. प्रोग्राम सुरू होताना पडद्याचा प्रकार विचारतो आणि तशा रेषा काढतो. मल्टिप्लेक्सरच्या आत त्याला मल्टिप्लेक्सरचंच नाव मिळायला हवं. मिळत होतं कधीच भंगारात गेलेल्या पडद्यांचं! नेहमीच्या खिडकीने हे खोटं इतकी वर्षं चालवून घेतलं, मल्टिप्लेक्सर घेईना. पण हे जुनं नाव सांगतंय कोण? सव्वातीनला सापडलं. लॉगिन होताच आपोआप वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये ते जुनं नाव दामटून सांगणारी एक ओळ होती. वर टीप, 'हात लावू नये.' खाली नाव आक्कांचं.

आक्कांचा चेहरा उतरला. "तू ही ओळ सकाळीच पाहिली होतीस?"

"हो, आई."

"मग काढली का नाहीस?"

"तुम्हीच लिहिलंय ना."

आक्कांना स्वतःचीच लाज वाटली, आणि मग हसूही आलं. ओळ पुसून त्यांनी पुन्हा लॉगिन केलं. चौकटी जशाच्या तशा, तारखा स्वच्छ.

चारला डॉक्टरीणबाई आल्या, बघून खूश झाल्या. चूक कुणाची, असं त्यांनी सहज विचारलं.

"माझी," आक्का म्हणाल्या, "अठरा वर्षांची."

त्या गेल्यावर आक्कांनी ती फाइल पुन्हा उघडली. जुनी टीप खोडली आणि तिच्या जागी लिहिलं, 'सूनबाईंनी बेधडक हात लावावा.'