तोंडी आदेशानुसार

मी टाइपरायटर बोलतोय. आजवर माझ्यातून साहेब बोलले, हेडक्लार्क बोलले, शासन बोललं. मी नुसता खडखडत राहिलो. आता नाशिकच्या एका सरकारी कचेरीच्या मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगावर उताणा पडलोय. इथं डिक्टेशन द्यायला कुणी येत नाही, म्हणून म्हटलं, एकदा स्वतःचं बोलून घ्यावं. गोड बोलेन अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यातला. माझी भावंडं बहुतेक इंग्रजी अक्षरांची, मी मराठीचा. राज्यकारभार मराठीतून चालणार म्हणून आमची मागणी वाढली होती. मालगाडीतून नाशिकरोडला उतरलो, टेंपोतून कचेरीत आलो, तेव्हा माझ्यापुढं नारळ फोडला होता. पुढं दर दसऱ्याला मला झेंडूची माळ पडायची, हळदकुंकू लागायचं. लोखंडाची पूजा करायला या माणसांना काही जड जात नाही. हाडामांसाच्या माणसाशी नीट वागायचं म्हटलं की हात आखडतो.

माझ्यावर काम करायला सुलाबाई आली ती मनमाडहून. बाप रेल्वेत गँगमन, घरात शिकलेली ती पहिली. टायपिंगची परीक्षा पास होऊन चिकटली. नवरा मल्हारी सुरगाण्याकडच्या शाळेत मास्तर, त्यामुळं तो फक्त रविवारचा. ती वसाहतीतल्या एका खोलीत राहायची. आधीचे टंकलेखक मला बडवायचे; सुलाबाई रोज सकाळी जुन्या लुगड्याच्या फडक्यानं मला पुसायची आणि दात घासायच्या ब्रशनं माझ्या अक्षरांतली शाई काढायची.

पहिल्या खेपेला तिला दिवस गेले तेव्हा ती हंगामी होती. वर्ष भरलं नव्हतं, म्हणून बाळंतपणाची पगारी रजा नाही. अंग ओलं असतानाच ती परत कामावर आली. तान्ही मुलगी शेजारच्या सखुबाईकडं, बाटलीच्या दुधावर. इकडं दुपारी पान्हा फुटायचा, ब्लाउज भिजायचा, आणि सुलाबाई पदर पुढं ओढून दुसऱ्यांच्या बदल्यांचे हुकूम टाईप करत राहायची. उन्हाळ्यात मुलीला हगवण लागली आणि ती गेली.

सुलाबाई परत आली त्या दिवशी हेडक्लार्क खंडेरावांनी तिला पहिला प्रश्न विचारला तो असा : "हे मधले दिवस कुठल्या खात्यात टाकायचे? किरकोळ रजा तर शिल्लक नाही तुमची."

मी यंत्र आहे. त्या दिवशीही नुसता खडखडत राहिलो.

दुसऱ्या खेपेला नोकरीची वर्षं भरली होती. रजा मिळाली. बाळाला अंगावरचं दूध मिळालं आणि मुलगा दणकट वाढला. त्यामुळं सुलाबाईच्या लेखी हिशोब सरळ होता. रजा मिळाली तर लेकरू जगतं.

मग आलं एकोणीसशे शहात्तर साल. त्या वर्षी माझ्यावर सगळ्यात जास्त काय टाईप झालं असेल, तर कुटुंबनियोजनाचं उद्दिष्ट. प्रत्येक कचेरीनं ऑपरेशनच्या 'केसेस' आणायच्या. नाही आणल्या तर वेतनवाढ रोखू, बदली करू. माणसं एकमेकांकडं बाजारातल्या बकऱ्याकडं बघावं तशी बघायला लागली. खंडेरावांना स्वतःला सहा पोरं होती. पण त्यांना म्हणे मधुमेह, डॉक्टरांची सक्त मनाई. सहाव्या पोराच्या बारशाला मधुमेह कुठं गेला होता, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

नेमके त्याच वर्षी सुलाबाईला पुन्हा दिवस गेले.

तिनं आणि मल्हारीनं सगळं आखून ठेवलं होतं. सोमवारी ती शिपाई मोतीरामला सांगायची, मी ऐकायचो. शेवटपर्यंत कामावर यायचं, रजेचा एकही दिवस आधी जाळायचा नाही, म्हणजे सगळी रजा बाळाच्या वाट्याला. मोतीराम येवल्याकडच्या खेड्यातला, रोजंदारीवरचा माणूस. घरी बायको आणि एक मुलगी. सुलाबाईच्या सुजलेल्या पायांखाली त्यानं जुन्या राजपत्रांचा गठ्ठा सरकवून दिला होता.

"बाई, सरकारी कागद पहिल्यांदा कुनाच्या कामी आला," तो म्हणायचा.

अर्ज तिनं माझ्यावरच टाईप केला. खंडेरावांनी तो चष्म्यावरून वाचला.

"काय सुलाबाई, परत? सरकार कानीकपाळी ओरडतंय, अन् तुमचं आपलं चालूच!"

"नियमात बसतंय, भाऊसाहेब. हयात अपत्य एकच आहे मला."

"एकच कसं? पहिली मुलगी होती ना?"

"ती गेली. तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत असून काय उपयोग? कागदाला माहीत पाहिजे. दाखला आणा."

शेजारच्या टेबलावरून एक जण बोलला, "अहो भाऊसाहेब, पोरं कशाला मोजता? तिकीट तर तीनदा फाडलंय की!" सगळी शाखा हसली. पदवीधर माणसं होती ती. एकाचा मुलगा इंजिनिअरिंगला होता.

भरल्या दिवसांची बाई नगरपालिकेच्या रांगेत उभी राहिली आणि मेलेल्या लेकीच्या मरणाचा पुरावा घेऊन आली. खंडेरावांनी बिस्किट चहात बुडवत तो दाखला वाचला, टाचणीनं अर्जाला जोडला आणि म्हणाले, "चला, ही मेलेली आहे. हे एक मिटलं."

मला वाटलं, आता तरी झालं असेल. मी भाबडा.

दुसऱ्या दिवशी ते तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "एक हमीपत्र लागेल. साहेबांचं म्हणणं आहे. घ्या टाईप करून, मी सांगतो."

ते सांगत गेले, ती टाईप करत गेली. मी खाली सही करणारी असे लिहून देते की, प्रसूतीनंतर लगेच कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया स्वखुशीने करून घेईन. न केल्यास दिलेली रजा रद्द करून पगार वसूल करण्यास माझी हरकत नाही.

'स्वखुशीने' टाईप झाल्यावर तिची बोटं थांबली.

"कुणाच्या खुशीनं, भाऊसाहेब?"

"शब्दाचा कीस नका पाडू. तुमच्या वस्तीत आधीच पोरांची लेंढारं. एक केस झाली तर माझं टार्गेट पुरं होतं, तुमची रजा होते. दोघांचं भलं."

"आणि सही नाही केली तर?"

"मग बसा बिनपगारी. नाहीतर पहिल्यासारखं करा. पोर ठेवा शेजारी अन् या कामावर."

हे वाक्य एका बापानं उच्चारलं. मी पुष्कळ घाण कागदावर उतरवली आहे, पण त्या कागदांना निदान शासकीय भाषेचं धोतर नेसवलेलं असायचं. हे उघडंनागडं होतं.

सुलाबाई रडली नाही. तिनं तो कागद माझ्यातून ओढून काढला, कार्बन घालून नवे कागद चढवले आणि पुन्हा सुरुवात केली.

आता इथं कचेरीतली एक रीत सांगितली पाहिजे. साहेबानं वाकडं काम तोंडी सांगितलं की हाताखालचा शहाणा माणूस कागदावर आधी लिहून टाकतो, 'अमुक यांच्या तोंडी आदेशानुसार'. उद्या चौकशी लागली तर मान आपली नको. ही रीत या कचेरीत सगळ्यात जास्त पाळली ती खंडेरावांनीच. शेकडो वेळा त्यांनी सुलाबाईकडून हे शब्द टाईप करून घेतले होते.

सुलाबाईनं टाईप केलं : 'मा. साहेब व हेडक्लार्क यांच्या तोंडी आदेशानुसार. शस्त्रक्रियेची हमी दिल्याशिवाय प्रसूती रजा मिळणार नाही, असे मला सांगण्यात आल्यावरून हे हमीपत्र लिहून देत आहे.' खाली दोघांच्या सह्यांना जागा सोडली. त्याखाली : 'प्रत माहितीसाठी सविनय सादर', आणि वरच्या कार्यालयाचं नाव.

"घ्या भाऊसाहेब. साहेबांची आणि तुमची सही झाली की मी पण करते."

खंडेरावांनी वाचलं. तोंडातलं पान चघळायचं थांबलं.

"हे काय शहाणपण?"

"तुमच्याच हाताखाली शिकले."

त्या वर्षी सक्ती घराघरात शिरली होती, पण कागदावर ती कुठंच नव्हती. कागदावर सगळा देश स्वखुशीनं नसबंदीच्या शिबिराकडं चालला होता. सक्तीखाली स्वतःचं नाव घालायला एकाही शूराची तयारी नव्हती. खंडेराव कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. स्विंगदाराआडून साहेबांचा आवाज बाहेर आला, "फाडा आधी ते! अन् त्या बाईला रजेवर घालवा एकदाची!"

रजेचा हुकूम सुलाबाईनं स्वतःच टाईप केला. साहेबांची सही झाली. जाताना तिनं माझ्यावर आच्छादन घातलं आणि मोतीरामला म्हणाली, "येते रे." ती जिंकून गेली, असं मलाही वाटलं.

ती रजेवर असताना खंडेराव एका दुपारी माझ्यापुढं येऊन बसले. त्यांना टायपिंग येत नव्हतं. एका बोटानं अक्षर शोधत, एकेक कळ ठोकत त्यांनी तोच मजकूर उतरवला. मी खाली सही करणारा असे लिहून देतो की. स्वखुशीने. नाव फक्त बदललं होतं. मोतीराम. त्याला सांगितलं होतं, सही कर, कायम करतो. नाही केलीस तर उद्यापासून येऊ नकोस. त्यानं सही केली. जीपमधून शिबिराला नेला. दोन दिवसांनी पाय फाकवून चालत पाण्याचे ग्लास वाटायला हजर. शाखा पुन्हा हसली. कायम त्याला कुणी केलं नाही. खंडेरावांची वेतनवाढ मात्र सुटली.

रजा संपवून सुलाबाई आली ती पेढे घेऊन. मुलगी झाली होती, बाळसेदार. मोतीरामनं पेढा घेतला, कपाळाला लावला.

"जपा बाई तिला."

तिला काहीतरी वेगळं जाणवलं. तिनं विचारलं, त्यानं सांगितलं, भिंतीकडं बघत. सुलाबाईच्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच राहिला.

"अरे, मग तोंडी आदेशानुसार असं लिहून का नाही घेतलंस? मी लिहिलं तसं?"

मोतीराम हसला. रागाचा लवलेश नव्हता त्यात, आणि तेच ऐकवत नव्हतं.

"मला कोन टाईप करून देनार, बाई? तुमी रजेवर व्हता ना."

सुलाबाईला जी रजा मिळायलाच हवी होती, ती घेतल्याबद्दल तिची मान खाली गेली. आणि ज्यांची जायला हवी होती ते त्याच वेळी पेढ्यांच्या पुड्यात हात घालत होते. "वा! यंदाचे पेढे चांगले आहेत."

पुढं सुलाबाईची बदली मनमाडला झाली. मोतीरामला एका पावसाळ्यात कमी केलं. खंडेराव निवृत्त झाले, हार-तुरे झाले, त्यांच्या कर्तव्यदक्षतेचं मानपत्र माझ्यावरच टाईप झालं. ऐंशी सालानंतर नवं यंत्र आलं आणि मला इथं आणून टाकलं. आता लिलाव आहे म्हणतात.

माझं एकच मागणं आहे. भंगारवाल्याला देऊ नका. कोर्टाबाहेर रस्त्याच्या कडेला झाडाखाली टेबल टाकून, आल्यागेल्याचे अर्ज टाईप करणारी माणसं बसतात. त्यांच्यापैकी कुणाला तरी मला स्वस्तात द्या. धूळ खाईन, उन्हात तापेन, फीत सुकली तरी कुरकुरणार नाही. साहेबांचं पुष्कळ लिहून झालं. आता ज्याला कुणी टाईप करून देत नाही, त्याचा एक तरी कागद माझ्यातून निघू दे.