पहिला पत्ता

चौकशी अहवालाच्या तिसऱ्या पानावर तुम्ही खोटं लिहिलं आहे. चुकून नाही, माहीत असून. "पाठवणी कर्मचाऱ्याने पत्त्याची खातरजमा न केल्यामुळे माल चुकीच्या ठिकाणी गेला," असं एक वाक्य आणि खाली तुमची सही. ती पाठवणी कर्मचारी एकोणीस वर्षं गोदामाच्या त्या टेबलाशी उभी आहे. ती माझी थोरली बहीण आहे. हे तुम्हाला ठाऊक नसेल, कारण आडनावं वेगळी आहेत आणि आम्ही ऑफिसात नातं मिरवत नाही. बाकीचं सगळं तुम्हाला ठाऊक होतं.

शुक्रवारी चार वाजता तिची नोकरी राहते की जाते ते ठरणार आहे. त्याआधी काय झालं ते क्रमाने लिहितो. माझंही त्यात आहे, तेही लिहितो. वाचायला वेळ लागेल. लागू द्या.

आधी मी काय करतो ते सांगतो, कारण चौकशी समितीतल्या बाकी दोघांना ते कोणी सांगितलेलं दिसत नाही. दवाखान्याला माल हवा असला की आता तिथलं कोणी फोन करत नाही. त्यांचं मशीन आपल्या मशीनला ऑर्डर पाठवतं. मधे माणूस नाही. पण त्यांच्या ऑर्डरमधल्या रकान्यांची नावं वेगळी, आपल्या रकान्यांची वेगळी. त्यांचा कुठला रकाना आपल्या कुठल्या रकान्यात पडायचा, हे एकदा कोणीतरी बसून ओळीओळीने जुळवून ठेवावं लागतं. याला मॅपिंग म्हणतात. घर बदलताना हमालाला सांगून ठेवतात ना, हा खोका स्वयंपाकघरात, हा माळ्यावर? तसंच. हमाल खोका उघडून बघत नाही. सांगितलेल्या खोलीत ठेवतो आणि जातो. एकदा चुकीची खोली सांगितली की जन्मभर तिथेच ठेवत राहतो, आणि तक्रारही करत नाही.

हे काम दोन माणसं करतात. जिन्याखालच्या खोलीत. खिडकी आहे, पण ती गोदामात उघडते, त्यामुळे हवा येत नाही, ट्रॉल्यांचा खडखडाट येतो. मी जुळवतो, आणि शेजारच्या टेबलावरचा तपासतो. त्याला आम्ही हिरवा म्हणतो, कारण त्याच्या तपासणीच्या यादीतल्या सगळ्या खुणा नेहमी हिरव्या असतात. माणूस वाईट नाही. सहा वर्षांत त्याने एकदा लाल खूण दाखवली होती, तेव्हा तुम्ही त्याला सगळ्यांसमोर विचारलंत, "तू आमच्या बाजूचा आहेस की गिऱ्हाइकाच्या?" त्यानंतर तो हिरवा झाला.

चूक झाली त्याच्या आदल्या शुक्रवारी सकाळी तुम्ही आम्हाला सहा दवाखाने जोडायला दिलेत. पाच दिवसांत सहा. एका दवाखान्याचं मॅपिंग नीट करायला चार दिवस लागतात, हे मी तुम्हाला आधी तीनदा सांगितलं होतं. त्यांची माहितीपुस्तिकाच नव्वद पानांची असते. तुम्ही म्हणालात, "अरे, जुन्याची कॉपी मार ना. दवाखाना तो दवाखाना. शोध कसले लावायचेत?"

मी कॉपी मारली. हे मी केलं.

आता चूक कुठे झाली ते बघा. प्रत्येक ऑर्डरमध्ये दोन पत्ते येतात. एक खरेदी करणाऱ्याचा, एक माल जिथे पोचवायचा तिथला. प्रत्येक पत्त्याच्या आधी दोन अक्षरांची खूण असते, हा कोणाचा पत्ता ते सांगणारी. खूण बघून पत्ता उचलायचा, हा नियम. पण ज्या जुन्या दवाखान्याचं मॅपिंग मी कॉपी केलं, ते माझ्याही आधीच्या माणसाने केलेलं होतं, आणि त्याने खूण बघितलीच नव्हती. त्याने सरळ लिहून ठेवलं होतं: पहिला पत्ता म्हणजे माल पोचवायचा पत्ता. त्या दवाखान्याकडून तो खरंच पहिला यायचा, म्हणून आठ वर्षं कोणाचं काही अडलं नाही. या नव्याने जोडलेल्या दवाखान्याकडून पहिला पत्ता खरेदीदाराचा येतो. म्हणजे त्यांच्या मुख्य कचेरीचा. माल लागतो नदीपलीकडच्या डायलिसिस केंद्राला.

मग तपासणीत कसं सापडलं नाही? कारण आमच्याकडे तपासायला एकच खोटं गिऱ्हाईक आहे. त्याचं नावही 'गिऱ्हाईक एक' आहे. त्याला पत्ताही एकच आहे. खरेदीदार तोच, माल घेणारा तोच. दोन पत्त्यांची अदलाबदल झाली तरी उत्तर तेच येणार. सगळं हिरवं.

मला शंका आली होती. त्या सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी तुम्हाला मेल टाकला: "या दवाखान्याच्या तीन-चार खऱ्या ऑर्डरी मागवून घ्या. त्यावर तपासल्याशिवाय सुरू करू नये." तुमचं उत्तर नऊ वाजून बारा मिनिटांनी आलं. "हिरवं आहे ना? सुरू करा." दोन मिनिटं. मी सुरू केलं. हेही मीच केलं.

मंगळवारी दुपारी खोलीतला फोन वाजला. ताई होती. ऑफिसच्या फोनवर ती मला साहेब म्हणते, तिला त्यात मजा वाटते.

"साहेब, चाळीस खोकी आहेत इथे. रक्ताचे फिल्टर. लेबलावर दवाखान्याच्या मुख्य कचेरीचा पत्ता आलाय. सातवा मजला."

"मग?"

"मग सातव्या मजल्यावर कोण कोणाचं रक्त धुणार आहे? तिथे खुर्च्या-टेबलं आणि कागद. दर वेळी आपण नदीपलीकडे पाठवतो."

मी तेव्हा चौथ्या दवाखान्याची पुस्तिका वाचत होतो. एकसष्टावं पान. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं होतं. सकाळपासून तिचा हा पहिलाच फोन होता, पण माझा अकरावा. मला उठून तिची एक ऑर्डर उघडायची होती, दोन पत्ते बघायचे होते. पाच मिनिटांचं काम.

मी म्हणालो, "ताई, स्क्रीनवर जे आहे ते लाव."

"नक्की?"

"नवीन सिस्टीम आहे. त्यांचंच काहीतरी बदललं असेल. स्क्रीनप्रमाणे कर ना, माझं डोकं नको खाऊ."

"बरं बाबा. नाही खात. तसंही आत फार काही उरलेलं दिसत नाही," असं म्हणून तिने फोन ठेवला.

चाळीस खोकी मुख्य कचेरीत गेली. पत्ता तिथलाच होता, म्हणून तिथल्या पहारेकऱ्याने सही करून घेतली आणि जिन्याखाली रचून ठेवली. पहारेकऱ्याची काय चूक? गुरुवारी सकाळी डायलिसिस केंद्रातले फिल्टर संपले. अकरा माणसं आली, खुर्चीत बसली आणि उठून परत गेली. त्यातल्या एका बाईंना संध्याकाळी दुसरीकडे दाखल करावं लागलं. त्या आता बऱ्या आहेत. तुम्ही अहवालात "गैरसोय" असं लिहिलं आहे.

गुरुवारी दुपारी तुम्ही मला केबिनमध्ये बोलावलंत. दार लावून घेतलंत. मी ऑर्डर उघडून दाखवली: हा पहिला पत्ता, ही खूण, हा दुसरा. तुम्हाला समजायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही, एवढं मी तुमच्याबद्दल मान्य करतो. तुम्ही विचारलंत, "बदलायला किती वेळ?"

"दोन ओळी आहेत. दहा मिनिटं."

"बदल. आणि कारणाच्या रकान्यात 'किरकोळ सुधारणा' लिही. जास्त रामायण नको."

मॅपिंगमध्ये काहीही बदललं की सिस्टीम कारण विचारते. रिकामं सोडता येत नाही. मी 'किरकोळ सुधारणा' लिहिलं. का लिहिलं? भीती वाटली म्हणून नाही. दमलो होतो. वाद घालायला लागणारी ताकदसुद्धा अंगात नव्हती. त्या दिवशी मला वाटलं, झालं, मिटलं. खोकी रात्री नदीपलीकडे पोचली, ओळी बदलल्या.

सोमवारी ताईला निलंबनाचं पत्र मिळालं.

मी संध्याकाळी तिच्या घरी गेलो. ती उभी राहून कामावरच्या कपड्यांना इस्त्री करत होती. उद्या कामावर जायचं नाही, तरी करत होती. भावोजी शिलाई मशीन दुरुस्त करतात. ते जमिनीवर वर्तमानपत्र पसरून एका मशीनचे भाग पुसत बसले होते.

"या मेहुणे," ते मान वर न करता म्हणाले. "एकोणीस वर्षं मी हिला म्हणतोय, एक दिवस तरी घरी राहा. माझं कोणी ऐकलं नाही. तुम्ही दोन ओळींत काम केलंत."

"त्याला बसू तरी द्या," ताई म्हणाली.

"बसू दे की. मी काय त्याची खुर्ची ओढतोय?"

मी बसलो. ताईने तिच्या जबाबाची प्रत माझ्यापुढे टाकली. चौकशीत तिला विचारलं होतं: पत्त्याबद्दल शंका आली होती का? उत्तर: नाही. कोणाला विचारलं होतं का? उत्तर: नाही.

मी ते दोनदा वाचलं.

"ताई, तू मला फोन केला होतास."

"हो."

"मग हे काय लिहिलंस?"

तिने इस्त्री उभी करून ठेवली. "तुला इथे कोणी चिकटवलं? मी. त्या साहेबांच्या दारात उभी राहून मी सांगितलं होतं, माझ्या ओळखीतला आहे, डिग्री नाही पण पुस्तक वाचून शिकतो. आता मीच बोट दाखवू? आणि तुझा आवाज ऐकला होता मी. माणूस असा बोलतो का? विहिरीच्या तळातून बोलावं तसा बोलत होतास."

"म्हणून स्वतःची नोकरी घालवायची?"

"बारक्या, मी लेबल लावलं. हाताने लावलं. मला दिसत होतं ते चुकीचं आहे, तरी लावलं. तेवढं तर माझंच आहे ना."

"तुला मी सांगितलं म्हणून लावलंस."

"आणि तुम्हाला कोणी सांगितलं?" भावोजींनी विचारलं. हातातली स्प्रिंग त्यांनी दिव्यापुढे धरली होती. "बघा, हे असं असतं. मशीन बिघडलं की लोक सुई बदलतात. सुई दिसते ना वरून."

ताईने परत इस्त्री हातात घेतली.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "एक घोळ झालाय माझ्याकडून. वही."

ही वही तुम्हाला माहीत आहे. निळ्या पुठ्ठ्याची. स्क्रीन काहीही म्हणो, ज्या मालाबद्दल शंका येते त्याची ताई पेन्सिलीने वहीत एक ओळ लिहून ठेवते. वेळ, माल, कोणाला विचारलं, काय उत्तर मिळालं. कोणी सांगितलेलं नाही तिला. एकोणीस वर्षांची सवय. निलंबनाच्या दिवशी, पत्र द्यायच्या आधीच, टेबलावरचं सगळं तुम्ही ताब्यात घेतलंत, त्यात ती वहीही गेली.

"मंगळवारचं लिहिलं होतंस?" मी विचारलं.

"लिहिलं होतं. तुझं नाव नाही घातलं. 'दोन चाळीस. फिल्टर चाळीस खोकी. पत्ता बरोबर वाटत नाही. मॅपिंगला विचारलं. स्क्रीनप्रमाणे लावा.' एवढंच. जबाब देताना आठवलंच नाही. त्यांनी वाचली तर मी खोटी ठरणार."

"वाचली असेल तर तूच खरी ठरतेस, ताई."

"वाचली असेल तर मग हे पत्र कसं आलं?"

मी जबाबाची प्रत घडी घालून तिला परत दिली.

निघताना मी म्हणालो, मी सगळं लिहून देतो. ती म्हणाली, "लिहून काय होणार? ते काय वाचत बसणार आहेत?" जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलो तेव्हा वरून आवाज आला, "आणि लिहिणारच असशील तर नीट लिही. वेळ, ओळ क्रमांक, सगळं. अर्धवट नको."

म्हणून हे अर्धवट नाही. बदललेल्या ओळी सत्तावीस आणि अठ्ठावीस आहेत. सिस्टीममध्ये जुनं कारण पुसता येत नाही, पण खाली टीप जोडता येते. काल सकाळी मी ती जोडली: "ही किरकोळ सुधारणा नव्हती. पत्ता खुणेवरून न उचलता क्रमावरून उचलला जात होता. चूक माझी. खऱ्या ऑर्डरींवर तपासणी मागितली होती, नाकारली गेली. पाठवणी कर्मचाऱ्याने मंगळवारी दोन चाळीसला मला विचारलं होतं. चुकीचं उत्तर मी दिलं." आता ती टीप तुम्हालाही पुसता येणार नाही. हिरव्याने ती वाचली आणि दुपारी त्याने आपल्या यादीत त्या दवाखान्यापुढची खूण लाल केली. त्यालाही उद्या केबिनमध्ये बोलवाल. बोलवा.

तुमच्या नऊ बाराच्या मेलची प्रत सोबत जोडली आहे. या कागदाची एक-एक प्रत समितीतल्या दोघांना दिली आहे. माझ्यावर काय करायचं ते करा. मी थकलो आहे आणि मला त्याचं फारसं काही वाटत नाही. उरलेल्या पाच दवाखान्यांची मॅपिंगं मी काल एक-एक उघडून बघितली. आणखी दोनमध्ये तोच क्रमाचा नियम होता. बदलला. कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहिलं. ते तुम्हाला विचारून केलेलं नाही.

ताईने जबाबात खोटं सांगितलं, ते मला वाचवायला. माझं खोटं दोन शब्दांचं होतं, आणि ते दमून लिहिलं होतं. तुमचं तिसऱ्या पानावर आहे, टाइप केलेलं, सही केलेलं. निळी वही नऊ दिवस तुमच्या कपाटात आहे. मंगळवारचं पान पेन्सिलीने लिहिलेलं आहे, पण ताईचं अक्षर मोठं आहे, लांबूनही वाचता येतं.

ते पान तुम्ही वाचलं होतं की नाही? वाचलं नसेल तर चौकशी कसली केलीत? वाचलं असेल तर तिसऱ्या पानावरचं ते वाक्य कोणासाठी लिहिलंत? शुक्रवारी चारच्या आधी, लेखी उत्तर द्या.