सालपाळीची वाट

रंगरावच्या मानेवर कुऱ्हाड पंजाबरावनं घातली. तिला धार तुम्ही लावलीत, साहेब.

तुमचं नाव मी लिहीत नाही. घाबरून नाही. उद्या तुमची बदली होईल, त्याच खुर्चीत दुसरा येऊन बसेल, आणि तोही मान वर न करता म्हणेल की यंत्रानं दिलेला निकाल आहे. म्हणून मी खुर्चीलाच लिहितो. तुम्ही सध्या तिच्यात आहात एवढंच.

रंगराव माझ्या बहिणीचा, अन्नपूर्णाचा, नवरा. त्याचं वावर धाडच्या शिवारात, ओढ्याला पाठ लावून आहे. पुढून दोन वावरं आडवी पडलीत, एक पंजाबरावचं, एक वामनरावचं. रंगरावला आपल्या मातीत पाय ठेवायचा तर कोणाच्या तरी धुऱ्यावरून, बांधावरून, जावं लागतं. या तिघांच्या आजोबांनी त्याची सोय लावून ठेवली होती. एक साल वाट पंजाबरावच्या धुऱ्यानं, दुसरं साल वामनरावच्या. पाडव्याला वाट बदलायची. गाडीच्या चाकाखाली दरसाल एकाचीच जमीन का दबावी, इतका साधा हिशेब. सोडलेल्या वाटेवर लगेच वखर फिरायचा आणि पुढं तिथं कपाशीची पऱ्हाटी उभी राहायची. त्यामुळं वाटेचा माग कधी उरला नाही आणि मोजणीवाल्याच्या नकाशातही ती कधी उतरली नाही. पण शिवारातल्या कोणत्याही बैलाला विचारा, त्याला ती ठाऊक होती.

यंदा, अठ्ठ्याऐंशी साली, पाळी पंजाबरावची होती. त्यानं विहिरीवर नवी मोटार बसवली होती आणि पार धुऱ्यापर्यंत मिरची लावायचं त्याच्या डोक्यात होतं. पाळी आली की पोट दुखायला लागणारा माणूस जगात काही एकटा पंजाबराव नाही. गावानं चार शिव्या दिल्या असत्या, वामनरावनं समजूत घातली असती, आणि तोंड वाकडं करून का होईना, त्यानं वाट सोडली असती. आधी दोनदा असंच झालं होतं.

पण तुमचं शिबिर आलं. वर्षानुवर्षांचे तंटे एका दिवसात निकाली. आमचाही तंटा तिथं गेला. बुलडाण्याच्या हॉलात टेबलावर संगणक, शेजारी छापायचं यंत्र, आणि हॉलातला एकुलता एक पंखा माणसांकडं पाठ करून मशीनकडं तोंड केलेला. पहिल्या रांगेत मुंबईहून आलेले पाहुणे.

"हे यंत्र कोणाचा जावई नाही," तुम्ही माइकवर म्हणालात. टाळ्या पडल्या.

मग तुमच्या चष्मेवाल्या इंजिनिअर पोरानं समजावून सांगितलं. दोन्ही बाजूंची विधानं यंत्रात टाकायची. एक विधान दुसऱ्याला मारतं. मारणाऱ्याला तिसऱ्यानं मारलं की पहिलं पुन्हा उभं राहतं. शेवटी जे उभं राहील ते खरं. जे सिद्ध होणार नाही ते खोटं.

रंगरावला मजा वाटली. "हा तं आखाडाच हाये राजा! पन पंच कोन?"

"नियम," पोरगा म्हणाला.

"अन् नियम कोनं भरले त्याच्यात?"

"ते साहेबांनी मंजूर केलेत."

"मंग पंच साहेबच की बे! मशीनले कायले मधात घेता?"

हॉल हसला. तुम्ही हसला नाहीत.

पोरानं रंगरावला विचारलं, वाट कुठून जाते? रंगराव म्हणाला, "पंजाबरावच्या धुऱ्यानं." पोरानं टाइप केलं. मग वामनरावला उभं केलं. तुमच्या वावरातून वाट गेली का? वामनराव सरळ माणूस. "गेली न. गेल्या साली माह्याच वावरातून गेली. खोटं काऊन बोलू?" पोरानं तेही टाइप केलं.

तिथंच रंगराव मेला. कुऱ्हाड नंतर आली.

कारण तुमच्या नियमांत लिहिलं होतं, एका वाटेला जागा एकच. एक विधान सांगतं वाट पंजाबरावकडून, दुसरं सांगतं वामनरावकडून. दोन्ही माणसं खरं बोलली, आणि त्यांची दोन खरी विधानं यंत्राच्या पोटात एकमेकांच्या नरड्याला लागली. सोडवायला तिसरं कोणी आलं नाही. दोन्ही आडवी. उभं कोण राहिलं? कोणीच नाही. म्हणजे वाट सिद्ध झाली नाही, म्हणजे वाट नाही.

मी आणि रंगराव टेबलाला टेकून उभे होतो. तुम्ही दोघं आमच्यासमोरच बोललात. खेडवळांना काय कळतंय, असं धरून बोललात.

पोरगा म्हणाला, "सर, यात साल धरलेलंच नाही. वेगवेगळ्या सालांत दोन्ही खरं असू शकतं. 'ठरत नाही' असा निकाल द्यायला पाहिजे."

तुम्ही म्हणालात, "'ठरत नाही' हे तर तहसीलदारही सांगतो. त्यासाठी एवढं यंत्र आणलं का? पाहुणे बसलेत. ठरत नाही म्हणजे नाही. छापा."

त्या पोराचाही मला राग आहे. त्याला कळलं होतं. त्यानं चष्मा पुसला आणि छापलं.

मी ओरडलो, "साहेब, हे दोन सालं हायेत, एक नाही!" तुम्ही कागदावर सही ठोकत म्हणालात, "तुमचं म्हणणं यंत्रात गेलेलं आहे. आता यंत्राशी वाद घालू नका." पाहुण्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर रंगराव शेणखताची गाडी घेऊन निघाला. मी गाडीत, अन्नपूर्णा मागून पायी. धुऱ्याच्या तोंडाशी बाभळीचे काटे रचलेले. पंजाबराव अजून फांद्या तोडतच होता. खिशातून त्यानं तुमचा कागद काढला.

"रंग्या, गाडी फिरव. वाट नाही म्हंते सरकार."

"पंजाबराव, तुह्या बापानं याच धुऱ्यावर माह्या बापाची गाडी ढकलली. विसरला काय?"

"बाप मेला. हे छापेल हाये. शिक्का पाय!"

"शिक्क्यावरून गाडी जाते काय बे? सरक."

"घरी जाऊन बायकोच्या पदराखाली बस. वावर मले वीक, मी घेतो."

अन्नपूर्णा मागून म्हणाली, "भाऊजी, तोंड सांभाळा. दोनदा दिली तशी यंदा वाट द्या, पुढच्या साली आम्ही तुमच्याकडं ढुंकूनही पाह्यनार नाही."

पंजाबरावनं जवळच्या बैलाच्या तोंडावर कुऱ्हाडीचा दांडा हाणला. बैल हंबरून मागं रेटला, चाक नालीत गेलं, गाडी कलंडली, मी खताच्या ढिगाखाली आलो. रंगरावनं उडी मारली आणि हातातली बैल टोचायची तुतारी पंजाबरावच्या दंडात खुपसली. टोकाची लोखंडी आर आतपर्यंत गेली. पंजाबराव किंचाळला आणि त्यानं कुऱ्हाड फिरवली. या वेळी दांडा नाही, पातं. मानेच्या बुडाशी, खांद्याच्या सांध्यात. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. रंगराव गुडघ्यावर बसला आणि एका हातानं आपली मान धरून ठेवू लागला. बोटांतून रक्त उसळत होतं.

पंजाबरावनं दुसऱ्यांदा कुऱ्हाड उचलली. तोवर मी बाहेर आलो होतो. गाडीच्या कडेचा दांडा, उभारी, उपटली आणि त्याच्या गुडघ्यावर घातली. वाटी फुटलेली मला हाताला कळली. तो पडला, मी त्याच्या तोंडावर घातली. दात पडले. माझ्यावर केस आहे. मी कोर्टात नाकारणार नाही.

रंगरावला पांदणीवर, गाडीरस्त्यावर, न्यायचं तर मागची वाट कलंडलेल्या गाडीनं अडवली होती. बाकी सगळीकडं काटे. अन्नपूर्णा उघड्या हातांनी बाभळी ओढू लागली. तळहातात काटे मोडत होते आणि ती ओढत होती. शेवटी त्याला पाठीवर घेऊन आम्ही काट्यांतूनच निघालो. धाडला बाजाराचा दिवस. जीपवाल्यानं पासिंजर उतरवलं, पण बुलडाण्याच्या आधीच रंगरावनं माझ्या मांडीवर मान टाकली. शेवटपर्यंत तो एकच बोलत होता, "वामनले विचारा, वामनले विचारा."

वामनराव तेराव्याला आला. अन्नपूर्णानं त्यालाच विचारलं, तुमच्या धुऱ्यानं जाऊ का? तो रडला, साहेब. रडत रडत म्हणाला, "वहिनी, मशीननं माह्याही वावरात वाट नाही म्हनलं. आज सोडली तं उद्या मले म्हनतीन, तूच खोटा साक्षीदार." त्याच्याही धुऱ्यावर आता काटे आहेत. पंजाबराव जेलात आहे, पण त्याचे भाऊ काठ्या घेऊन धुऱ्यावर बसतात. तुमचा कागद त्यांनी काचेत घालून घराच्या ओसरीवर टांगलाय.

मी तुमच्याकडं आलो. शिपायानं दंडाला धरून बाहेर काढलं. नंतर तुम्ही पेपरात बोललात, जुन्या वैरातून मारामारी, यंत्रानं केवळ सल्ला दिला. कोणतं वैर? त्या धुऱ्यावर तीन पिढ्यांत रक्ताचा थेंब सांडला नव्हता. वैर तुमच्या टेबलावर तयार झालं, तुमच्या पंख्यासमोर. आणि सल्ल्यावर शिक्का कशाला ठोकला होता?

तुमचं शिबिर आता दुसऱ्या तालुक्यात निघालंय म्हणतात. तिथंही सालपाळीचं पाणी आहे, सालपाळीची मशागत आहे, आणि खरं बोलणारी माणसं आहेत.

पंचनामा, चौकशी, अहवाल तुमच्याजवळ ठेवा. पेरणी आलीय. माझ्या बहिणीनं बी निवडून ठेवलंय आणि ती रोज धुऱ्यापर्यंत जाऊन परत येते. पुढं काठ्या आहेत. ती थांबणार नाही, मी तिला ओळखतो. एक दिवस ती पाऊल टाकील, आणि त्या दिवशी मीही तिच्याबरोबर असेन, रिकाम्या हातानं नाही.

त्याआधी इथं या. धुऱ्यावर उभे राहा आणि बोटानं दाखवा. अन्नपूर्णानं आपल्या वावरात कुठून जायचं?