करंटचं बटण

तिने वेल्डिंगच्या यंत्रावरचं वायरचं बटण दोन घरं पुढे फिरवलं, फोन स्टुलावर ठेवला आणि गनचा खटका दाबला. वायर पत्र्याला धडका देऊ लागली. गन हातात उसळली, ठिणग्या दाराकडे पळाल्या.

"वायर जास्त सुटतेय," फोनमधून नवरा म्हणाला. "करंट चढलाय. एक घर कमी कर."

हे तिला माहीत होतं. वायर वाढवली तिनेच होती.

त्या यंत्राला करंटचं वेगळं बटण नव्हतं. वायर जोरात सोडली की करंट चढायचा, हळू सोडली की उतरायचा. कामाच्या पहिल्याच दिवशी तिने ते नसलेलं बटण कुठे आहे म्हणून विचारलं होतं, आणि शेजारच्या यंत्रावरच्या वेल्डरने तिच्याबरोबर अर्धा तास ते शोधलं होतं. यंत्राखाली वाकूनसुद्धा. असं बटण नसतं हे आपल्याला ठाऊक होतं, हे त्याने लग्नानंतर कबूल केलं.

आता तो दूरच्या एका गोदीत जहाजं जोडत होता. अकरा महिने झाले होते. जेवलीस का, जेवले, एवढ्यावर दोघांचं बोलणं संपायचं. मग एकदा तिचं सेटिंग खरोखरच बिघडलं, आणि नुसत्या आवाजावरून ते लावून द्यायला त्याने चाळीस मिनिटं घेतली. तेव्हापासून ते रोज जेवणाच्या सुट्टीत बिघडू लागलं. सगळ्यांचे संसार वायरलेस झाले, वहिनींचा तेवढा अजून वायरवर चालतो, असं ग्राइंडरवाला येईल त्याला सांगायचा.

आज संध्याकाळपर्यंत त्याला गोदीच्या ऑफिसात कळवायचं होतं, आणखी दोन वर्षं राहणार की परत जाणार. काल तो म्हणाला होता, तुझं काही अडत नसेल तर सही करून टाकतो. ती म्हणाली होती, अडायचंय काय त्यात. फोन ठेवल्यावर तिने तेच वाक्य निरनिराळ्या आवाजांत म्हणून पाहिलं. कुठल्याच आवाजात ते बरं लागलं नाही.

एवढ्यात तपासनीस आला. त्याला सगळे मामंजी म्हणत, कारण त्याला आजवर कुणाच्याही जोडात गुण दिसला नव्हता. त्याने परीक्षेचा तुकडा तिच्यासमोर ठेवला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. हा जोड नापास झाला असता तर उद्यापासून ती खोकी बांधायला गेली असती. आज बिघडवून चालणार नव्हतं.

तिने बटण दोन घरं मागे आणलं. खटका दाबला. एकसारखी, न अडखळणारी चरचर सुरू झाली आणि तुकडा संपेपर्यंत तशीच राहिली.

मामंजींनी तो जोड उलटसुलट पाहिला, बॅटरी मारून पाहिला, आणि नाइलाजाने शेजारी खडूने 'ओके' लिहिलं.

स्टुलावरचा फोन अजून चालूच होता. तिने तोंडावरची काच वर केली.

"अहो, ऐकलंत?"

"ऐकलं." तो खाकरला. "फार बिघडलंय."

तिने गन खाली ठेवली.

"हे फोनवरून नाही जमायचं. मला येऊनच बघावं लागेल."

मामंजींनी मान वर केली.

"हो," ती म्हणाली. "फारच बिघडलंय."

आणि फोनमधून दिसत नाही हे माहीत असूनही तिने हातमोजा त्या 'ओके'वर ठेवला.