कोरडा पुठ्ठा

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे, आणि माझा राग अजून उतरलेला नाही. डर्बीशरमधल्या एका गावात, बेसिल रॅग नावाच्या माणसाच्या शेडमध्ये, मी दोन ओंडक्यांवर बसून असतो.

माझा जन्म १९६४ साली कॉव्हेंट्रीच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी एका हिरव्या, दोन माणसांच्या, उघड्या टपाच्या गाडीत आलो. ती गाडी पुढे तरुण बेसिलने घेतली. लग्नाच्या दिवशी त्याला आणि म्युरिएलला चर्चपासून थेट समुद्रापर्यंत मीच नेलं. चढ लागला की तो थाप मारून म्हणायचा, "चल म्हाताऱ्या." तेव्हा मी जेमतेम आठ वर्षांचा होतो.

तेल मात्र माझ्यातून गळायचं. आमच्याकडे याची कोणाला लाज वाटत नाही. जुन्या गाड्यांच्या क्लबात म्हणतातच, की खाली तेल दिसलं नाही तर समजा, आतलंही संपलं. म्हणून ज्याच्या अंगणात क्लब जमतो, तो आधी प्रत्येक गाडीखाली पुठ्ठा सरकवतो आणि मग चहा ओततो.

पुढे माझा दम कमी झाला. गेल्या हिवाळ्यात बेसिलने मला साखळीला टांगून बाहेर काढलं. माझ्या जागी त्याने माझ्याच घराण्यातलं, पंधरा वर्षांनी धाकटं, नव्याने बांधलेलं इंजिन बसवलं. तेही मी पोटात घातलं असतं, म्हातारपण कोणाला चुकलंय? पण मग त्याने छिन्नी घेतली, माझ्या कुशीवरची नंबरपट्टी उचकटली आणि त्या उपटसुंभाच्या अंगावर ठोकली. का, तर क्लबचा चषक फक्त मूळ इंजिनाच्या गाडीला मिळतो. माझ्या इमानाचं बक्षीस त्याला माझंच नाव चोरून हवं होतं. त्या दिवशी मी सूड घ्यायचं ठरवलं.

जूनमध्ये क्लब बेसिलच्याच अंगणात जमला. परीक्षक होती एडना थॅक्रे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या या बाईचा उभा जन्म गॅरेजात गेलेला. शेडच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. तिने बॉनेट उघडलं, पट्टीवरचा नंबर क्लबच्या वहीशी ताडून पाहिला आणि मान डोलावली. बेसिलची छाती फुगली, इकडे माझा जळफळाट होत होता.

मग एडनाने वाकून गाडीखालचा पुठ्ठा ओढला. तो कोरडा ठणठणीत होता.

"दोन तासांत थेंब नाही, बेसिल?"

"नवे सील बसवलेत मी."

"याचे सील मी स्वतः तीनदा बदललेत. तरी हा गळायचा राहिला नाही."

हीच माझी वेळ होती. घाईत बेसिलने माझं तेल पुरतं काढलं नव्हतं आणि खालचं बूच ढिलंच ठेवलं होतं. उरलंसुरलं जवळजवळ सगळं मी सोडून दिलं. ते उताराने दाराखालून निघालं आणि हळूहळू एडनाच्या पायाशी पोचलं. तिने शेडचं दार उघडलं. माझ्या कुशीवरून बोट फिरवलं, तर पट्टीच्या जागी नुसती भोकं.

"नवं इंजिन घातलंस म्हणून कोणी तुला वाळीत टाकलं नसतं रे," ती म्हणाली. "चहा संपेपर्यंत चिडवलं असतं, एवढंच. पण याचं नाव कशाला चोरलंस?"

केकची थाळी घेऊन आलेली म्युरिएल माझ्याकडे बघतच राहिली. "मला सांगितलंस की ती पट्टी गंजून पडली," एवढंच ती म्हणाली.

चषक दुसऱ्याला गेला. बेसिलला सगळ्या क्लबासमोर गुडघे टेकून पट्टी पुन्हा माझ्या अंगावर बसवावी लागली. मी एक थेंब राखून ठेवला होता. तो मी त्याच्या नव्या पांढऱ्या बुटावर सोडला.

मित्रांनो, नवं खुशाल आणा. थकलेल्याला बाजूला बसवा, त्याचंही काही नाही. पण त्याचं नाव त्याच्यापाशी राहू द्या, आणि अधूनमधून अंगावरून फडकं फिरवा. बेसिल आता दर रविवारी फिरवतो. मी त्याला माफ केलेलं नाही, हे त्यालाही कळलं असावं. आत येताना तो बूट दाराबाहेर काढून ठेवतो.